संघाची रीत विचारायला लेण्यांपर्यंत

आमच्या गावच्या विहार समितीचा मी अध्यक्ष. शिक्षण सातवीपर्यंत. मागच्या सभेत विचारलं, "विहारापुढच्या जागेत दुकानांचे गाळे काढायचे का?" कुणी बोललं नाही. मी वहीत 'एकमताने मंजूर' लिहून टाकलं. एक गाळा माझ्या मुलाच्या मोबाइल दुरुस्तीसाठी होता, हे सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी माझी भावजय कडूबाई चारचौघींत म्हणाली, "भाऊजी, इचारलं कवा? आमी टेकून बसस्तोवर तुमचं लिहूनबी झालं!" बाया हसल्या. तेव्हापासून जेवण गोड लागेना.

बुद्धांच्या संघात गप्प बसणं म्हणजे होकार, असं मी एका भाषणात ऐकलं होतं. ते कुणा जाणत्याकडून पक्कं करून घ्यायचं होतं. लेण्यांपाशी भंते असतात, असं कळलं होतं. रविवारी पुन्हा सभा होती, म्हणून शुक्रवारीच निघालो.

पाचोडहून संभाजीनगरची एसटी धरली. ज्येष्ठांना अर्धं तिकीट आहे, आधार कार्ड जवळ ठेवा. मी ते सारखं काढून बघत होतो. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, ठेवा आता. झिजंल ते." शहरात उतरून शहागंजात चहा-खारी घेतली आणि लेण्यांपर्यंत रिक्षा केली. दीडशे रुपये. जास्त दिले की काय, हे वाटभर टोचत राहिलं. रिक्षावाला म्हणाला, "चचा, ऊपर पानी नई मिलता, यहींच से लेको जाओ." ते मात्र ऐकलं, बरं झालं.

विद्यापीठाच्या मागं डोंगरात लेणी आहेत. पायऱ्या पुष्कळ. सकाळीच चढा, गुडघे दुखत असतील तर काठी घ्या. तिसऱ्या लेण्यात बुद्धांसमोर दगडातली माणसं गुडघे टेकून, हात जोडून बसली आहेत. त्यांत बायाही आहेत. मी तिथं फार थांबलो नाही. सगळ्या काहीतरी बोलायच्या बेतात आहेत असं वाटायला लागलं.

पायथ्याच्या विहारात एक भंते भेटले. वंदन करून लगेच विचारलं, "भंते, संघात गप्प म्हणजे होकारच ना?"

"हो. पण तुम्ही किती वेळा विचारलं?"

"एकदा."

"महत्त्वाचं काम असलं की ठराव मांडून तीनदा विचारायचे. तिसऱ्यांदाही सगळे गप्प, तरच होकार. वाद मिटला नाही तर लाकडाच्या काड्या वाटायच्या. शलाका म्हणत. ज्या बाजूच्या जास्त, ते ठरलं. कधी कधी गुपचूप घ्यायचे, कुणाची कोणती ते कळू नये म्हणून."

"ही रीत आली कुठून?"

"तेव्हा वज्जींसारखी गणराज्यं होती. एकटा राजा ठरवत नसे, सभा भरायची."

माझी मान ताठ झाली. आपल्याकडं हे इतकं जुनं! भंते हसले. "पण त्या सभेत मोठ्या घराण्यांचे पुरुषच बसत. लोकशाहीचं माहेर म्हणतात त्या जुन्या ग्रीसमध्येही बाया आणि गुलाम सभेबाहेरच."

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काही दिसलं नाही.

रविवारी सभेत गाळ्यांचा ठराव पुन्हा वाचला. पहिल्यांदा विचारलं, सगळे गप्प. दुसऱ्यांदाही गप्प. मुलगा माझ्याकडं बघून हसला. मी तिसऱ्यांदा विचारलं. तेवढ्यात कडूबाई उठली. "गाळे नगं. पोरी अभ्यासाला कुठं बसत्यात, बघितलं का कुणी? तिथं अभ्यासिका करा."

कल्ला झाला. मग मी तुरीच्या काड्या मोडून आणल्या. सोललेली अभ्यासिकेची, न सोललेली गाळ्यांची. ज्यानं त्यानं आडोशाला जाऊन एक काडी मडक्यात टाकायची. मीही टाकली.

सोललेल्या तीन जास्त निघाल्या.

आता अभ्यासिकेचा पाया खणून झाला आहे. मुलगा माझ्याशी धड बोलत नाही. काल जेवताना त्यानं विचारलंच, "बाबा, तुमी कोणती टाकली?"

मी म्हणालो, "ते विचारायचं नसतं."

बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगत नाही.