विधवांच्या वाट्याचा भात

माझी बायको शांता गेली आणि माझी देवाशी बोलचाल बंद झाली. खोटं कशाला लिहू? जिनं आयुष्यभर प्रार्थनेशिवाय घास घेतला न्हाई, तिला त्यानं तळमळवून नेलं. कोल्हापुरात मी एकटा उरलो. स्टो पेटवायचं सोडलं होतं. टपरीवरच्या चहावर दिवस काढायचा आणि मनात म्हणायचं, आता मलाही ने.

तरी सवयीनं एका रविवारी चर्चला गेलो. आमचे नवे पाळकसाहेब, पोरसवदा, बायबलातल्या, पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पत्रावर बोलत होते. निराधार विधवांना मंडळीनं, म्हणजे चर्चच्या माणसांनी, सांभाळावं, असं त्यात आहे. माझं डोकं फिरलं. बसल्या जागेवरून ओरडलो, "आणि बायको मेलेल्या म्हाताऱ्याचं काय? त्याचं काय लिवलंय का न्हाई?" पाळकांनी दटावलं न्हाई. "बसा, बाबा," एवढंच म्हणाले, बापाला म्हणावं तसं. म्हाताऱ्याशी तसंच बोलावं, हेही त्याच पत्रात आहे म्हणे. मला मागाहून कळलं. तेव्हा मी उठून घरी आलो.

दुपारी दारात दोन विधवा बाया, हातात पिशवी. आमच्या मंडळीतल्या बायका भात टाकताना एक मूठ तांदूळ विधवांसाठी बाजूला काढतात. ते गोळा करायला ह्या दोघी घरोघर फिरतात. मला वाटलं, तेच न्यायला आल्या. खेकसलो, "इथं काय शिजत न्हाई. मूठ काढणारी मातीत गेली. जावा!"

पुढं होती रूथअक्का, शांताची जिवाभावाची. ती सरळ आत आली. "वरडा की दाजी. वरडायला ताकद हाय, मग जेवायला पण असंल." पिशवी ओट्यावर ठेवून ती स्टोला पंप मारायला बसली.

"हे तर तुमच्या वाट्याचे तांदूळ," मी म्हणालो.

"मग? पत्रात तुमचं नाव न्हाई म्हणून उपाशी मरताय व्हय?"

दुसरी तोंडाला पदर लावून हसली.

ताट वाढलं. जेवणाआधीची प्रार्थना नेहमी शांता करायची. अक्कानं ती मला करायला लावली. "बापा..." एवढंच निघालं आणि पुढं नुसतं रडू. मग अक्का म्हणाली, "आमेन. जेवा आता." भात बुडाला करपला होता. सगळा खाल्ला.

ह्याला चमत्कार म्हणा, न म्हणा. शांता काही परत आली न्हाई, घर अजून खायला उठतं. पण मी मरण मागत होतो आणि देवानं जेवण पाठवलं, तेही माझ्यापेक्षा गरिबांच्या हातून. तेव्हापासून त्याच्याशी हुज्जत घालत न्हाई. तो देतो ते घेतो, नेतो ते सोडतो. सोडताना रडू येतं. रडत का होईना, उपकार मानतो.