काठावरचं उत्तर

विहिरीच्या पायऱ्या उतरताना पाचव्या पायरीवर हवा बदलते. वर कुंडल गावच्या उसाची पानं उन्हात सळसळत असतात, तापल्या मातीचा वास नाकात असतो. आणि एका पावलाच्या अंतरावर ओल्या दगडाचा, शेवाळाचा गारवा घोट्यांना धरतो आणि हळूहळू वर चढू लागतो. पाणी हिरवं, जवळजवळ काळं. त्यावर आभाळाचा एक चौकोन तरंगतो. खोली किती, असं मी पहिल्याच शनिवारी विचारलं होतं. उन्हाळ्यात दोन पुरुष, एरवी तीन, असं उत्तर मिळालं. मी ते वहीत लिहून घेतलं. आकडा लिहून ठेवला की भीती आटोक्यात येते, अशी माझ्या धंद्यातल्या माणसांची एक भाबडी समजूत असते.

माझा धंदा बातमीचा. सांगलीच्या एका दैनिकात जिल्ह्याचं पान लावण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. एप्रिल उजाडला की एक बातमी हमखास टेबलावर यायची: पोहायला शिकताना विहिरीत बुडून मृत्यू. नाव, वय, गाव, कमरेचा भोपळा सुटला किंवा पाठीला बांधलेला हलक्या लाकडाचा बिंडा निसटला, पोलिसांत नोंद. चार ओळींत मावणारी घटना. मी तिच्यातली विशेषणं काढून टाकत असे, कारण अशा बातमीत विशेषण शोभत नाही. मथळा बसला की पान सोडायचं आणि चहाला जायचं. त्या चार ओळी माझ्या आत कुठेतरी साठत होत्या हे मला कळलं, ते माझी मुलगी त्या पाचव्या पायरीवर उभी राहिली तेव्हा.

रेवा नऊ वर्षांची. तिसरीत असताना तिचं पोट रोज सकाळी दुखू लागलं आणि रविवारी ते थांबे. डॉक्टरांना काही सापडलं नाही. वर्गात उत्तर चुकलं तर सगळ्यांसमोर उभं राहावं लागतं, एवढंच ती एकदा बोलली. शाळेला मी दोष देत नाही; त्या शाळेत इतर मुलं आनंदाने शिकत होती. पण आम्ही तिला काढलं. घरी शिकवायचं ठरवलं, आणि घरात जे शिकवता येत नाही त्यासाठी वसुधाताईंच्या शनिवारच्या वर्गाला पाठवू लागलो.

वसुधाताई निवृत्त मुख्याध्यापिका. कुंडलच्या त्यांच्या शेतावर, पत्र्याच्या एका लांब शेडमध्ये, घरीच शिकणारी सात मुलं जमतात. वेळापत्रक नाही, घंटा नाही. ताईंचा नियम एकच: मुलाने विचारलं तर खरं सांगायचं, आणि नाही विचारलं तर वाट बघायची. हे ऐकायला सोपं वाटतं. पण खरं सांगण्याएवढी हिंमत आणि वाट बघण्याएवढा धीर एका माणसात एकत्र किती वेळा सापडतो? माझ्यात सापडत नाही, हे मी त्या वर्षी शिकलो.

ताईंनी बोलावलेले शिक्षक दोघे. त्या दोघांची मतं एकमेकांपासून मिरज आणि कुंडलपेक्षा जास्त अंतरावर होती.

रशीदचाचा मिरजेचे. तंबोरे आणि सतारी करणाऱ्या घराण्यातले. ते मुलांना भोपळे आणून देत. तंबोऱ्याला लागणारे, वाळवलेले, हलके, माठाएवढे. चाचांच्या शिकवण्यात बोलणं जवळजवळ नव्हतं. भोपळा मांडीवर घ्यायचा, बोटाच्या पेराने वाजवायचा आणि ऐकायचं. कुठे भिंत पातळ आहे, कुठे ओल राहिली आहे, आत बी सुटलंय का, हे सगळं कानाने ओळखायचं. ओळखण्यात चुकलेल्या मुलाला ते चूक म्हणत नसत. फक्त भोपळा परत त्याच्या हातात देत. रेवा दोन महिन्यांत त्या सातांत सर्वांत पुढे गेली. ज्या मुलीला उत्तर चुकण्याची धास्ती होती, तिला उत्तर कानात येईपर्यंत थांबायची मुभा मिळाली होती. घरी ती कलिंगड वाजवी, रिकामे डबे वाजवी, एकदा माझी पाठही वाजवून पाहिली आणि आत काही नाही असं जाहीर केलं.

दुसरे सुभेदार. लष्करातून निवृत्त होऊन गावी परतलेले, नदीकाठी वाढलेले, आवाज असा की उसातली पाखरं उडावीत. ते पोहायला शिकवत. त्यांच्या मते भीती हा शरीराचा एक अवयव आहे. तो कापता येत नाही, फक्त वापरायला शिकवता येतो. मुलाच्या कमरेला कासरा बांधून त्याचं टोक ते स्वतःच्या मनगटाला गुंडाळत. पाठीवर चाचांनी तंबोऱ्यासाठी नापास केलेला भोपळा. मुलं त्यांना घाबरत आणि त्यांच्यावाचून पाण्यात उतरतही नसत.

भोपळा बांधला की रेवा पोहत असे. सोडला की पायरीला चिकटे. मार्च गेला, एप्रिल गेला. बाकी सहा मुलं मोकळी पोहू लागली आणि त्यांतल्या एकाने तिला भोपळाबाई म्हणून टाकलं. ती हसली, पण त्या रविवारी सकाळी तिचं पोट दुखलं. शाळा सोडल्यापासून पहिल्यांदा. मी त्या दिवशी जेवलो नाही. जे मागे टाकून आलो होतो ते आमच्या मागोमाग कुंडलपर्यंत पोचलं होतं.

पुढच्या शनिवारी सुभेदारांनी मला बाजूला घेतलं. त्यांची युक्ती जुनी होती. भोपळ्याला दोन बारीक भोकं पाडायची. एक पाणी आत यायला, एक हवा बाहेर जायला. पोर पोहत राहतं, भोपळा हळूहळू भरतो, त्याचा आधार संपत जातो आणि पोराला पत्ता लागत नाही. मग वर आल्यावर दाखवायचं, की बघ, तू तुझ्याच बळावर तरंगत होतीस. त्यांच्या वडिलांनी त्यांना असंच शिकवलं होतं.

मी ताईंना विचारूया म्हणालो. सुभेदार हसले.

"आवं साहेब, सांगून केलं तर त्यो इलाज कसला? ताई न्हाई म्हणनार. आन् पोरगी जलमभर भोपळा बांधून हिंडनार. तुमी बाप हाय, तुमी बोला."

मी होकार दिला. का दिला? मला ती धीट व्हायला हवी होती, असं लिहिलं तर ते छापण्याजोगं आहे, पण अपुरं आहे. मला माझी भीती संपवायची होती, आणि ती लवकर संपावी असं वाटत होतं. ताईंच्या शेडमध्ये वाट बघणारे सगळे होते. मी डेडलाइनचा माणूस.

भोकं चाचांनी पाडली. त्यांना ते पसंत नव्हतं. जागा शोधताना त्यांनी भोपळा इतका वेळ वाजवला, की मला वाटलं ते नकार देतील. शेवटी सुईएवढी दोन भोकं पाडली आणि भोपळा माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवला.

मे महिन्याचा दुसरा शनिवार. पाण्यावर ऊन पोचलं तेव्हा रेवा उतरली. बांधण्याआधी तिने सवयीने भोपळा वाजवला. तो कोरडा होता, आवाज चांगला आला. तिने वर माझ्याकडे पाहिलं. पाण्यात उतरण्याआधी ती नेहमी काठाकडे पाहत असे. मी मान हलवली की मग पाय टाकत असे. मी मान हलवली.

पहिली फेरी झाली. दुसरीही झाली. सुभेदार माझ्याकडे बघून मिशीत हसले. मी मनात हिशेब करत होतो की आता अर्धा भरला असेल, आता पाऊण. तिसऱ्या फेरीआधी ती पाण्याखालच्या पायरीवर छातीभर पाण्यात टेकली, दम खायला. आणि तिने हात मागे नेला. पाठीवरच्या भोपळ्यावर बोटाचं पेर आपटलं. एकदा. मग जरा वर, पुन्हा एकदा.

आम्हा तिघा मोठ्या माणसांनी सगळं ठरवलं होतं. कासरा किती सैल ठेवायचा, भोपळा किती वेळात भरेल. एका शिक्षकाची विद्यार्थिनी दुसऱ्या शिक्षकाचीही विद्यार्थिनी आहे, हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

तिचा चेहरा बदलला. तिने वर पाहिलं.

"बाबा, ह्यात पाणी गेलंय का?"

सुभेदारांनी डोळ्यांनी मला खूण केली. चाचा खाली मान घालून बसले होते. मला उत्तर द्यायला किती वेळ लागला असेल? दोन श्वास. खातरजमा न झालेली एक ओळ मी कधी पानात जाऊ दिली नव्हती. आणि इथे खात्री असलेली गोष्ट समोर होती.

"नाही गं," मी म्हणालो. "नीट आहे. जा तू."

ती गेली. मधोमध पोचल्यावर तिने विसाव्यासाठी पाठ टेकली. भोपळा नीट आहे असं बापाने सांगितलं होतं म्हणून टेकली. खाली आधार नव्हता. आवाजसुद्धा झाला नाही. आभाळाचा चौकोन तुटला आणि तिच्या जागी फक्त पाणी राहिलं.

मी पायरीवरून हललो नाही. जुन्या चार ओळी मात्र मनात आपोआप जुळल्या: नाव, वय, गाव. वयाच्या जागी मी नऊ लिहिलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

कासरा ताठ झाला. सुभेदारांनी दोन हिसक्यांत तिला ओढून घेतलं आणि पायरीवर पालथी धरली. ती खोकली, पाणी ओकली, मग रडली. सगळं मिळून एक मिनिटही गेलं नसेल. दोर हुता की माज्या हातात, काय झालं न्हवतं, असं सुभेदार पुनःपुन्हा म्हणत राहिले. पण त्यांच्या मनगटावर वळ उठला होता.

चाचांनी तिच्या पाठीवरचा भोपळा सोडला आणि उलटा केला. दोन बारीक धारा लागल्या. रेवा त्या धारांकडे बघत होती. रडणं थांबलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं?" तिने मला विचारलं.

हो म्हणालो.

वर येताना चाचा माझ्याजवळ थांबले. रागाचा लवलेश नसलेल्या आवाजात ते म्हणाले, "साहेब, पोरीचा कान बरोबर बोलला हुता. कानाचं ऐकलं असतं तर तिनं पायरी सोडली नसती. तुमचं ऐकलं."

ताईंना मी त्याच दुपारी सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न केला, रेवाने विचारलं होतं का. मी हो म्हणालो. मग त्या म्हणाल्या, आता यायचं की नाही ते तिलाच ठरवू द्या.

ती आली. दोन शनिवार पायरीवर नुसती बसून राहिली. तिसऱ्या शनिवारी सुभेदार तिच्या शेजारी, तिच्याएवढेच खाली, पायरीवर बसले. त्या मोठ्या आवाजाच्या माणसाला हलक्या आवाजात बोलताना मी प्रथमच ऐकलं. भोकं पाडायला मीच सांगितलं हुतं, ते म्हणाले. आता काय पण इचार, खरं सांगीन.

तिने खोली विचारली. त्यांनी सांगितली. मग तिने कासऱ्याला हात लावला.

"हा तुटतो?"

सुभेदारांनी कासरा हातात फिरवून पाहिला. "तुटू शकतो," ते म्हणाले. "रोज बघून घेतो मी. तरी बी तुटू शकतो."

असं उत्तर कुणी घाबरलेल्या मुलीला देतं? पण तिने मान डोलावली, जणू तिला इतके दिवस हवं होतं ते हेच. तिने कासऱ्याची गाठ स्वतः ओढून पाहिली. भोपळा बाजूला ठेवला. आणि उतरली.

पाणी तेवढंच काळं होतं, गारवाही तोच. ती हात जवळजवळ, घाईने मारत होती, मान फार वर काढत होती. सुंदर पोहणं नव्हतं ते. मधोमध ती जिथे बुडाली होती ती जागा आली आणि मागे पडली. पलीकडच्या भिंतीचा दगड तिने हाताने धरला.

मग माझ्या ध्यानात आलं. उतरण्याआधी तिने वर पाहिलं नव्हतं. मी मान हलवायला तयार उभा होतो, आणि ती मान कुणी मागितलीच नव्हती. ताई म्हणतात, मूल शिकलं ते असं ओळखावं. चाचा म्हणाले असते, तिने आपल्या कानावर भरवसा ठेवला. दोघांचंही खरं असेल. पण ती शिकली म्हणून पाहत नाही, की माझं उत्तर तिला आता उपयोगाचं राहिलं नाही म्हणून, हे मला ठरवता येत नाही. आणि तिला विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही, कारण ती खरं सांगेल.

शाब्बास म्हणायला मी हात वर केला होता. ती भिंतीकडे तोंड करून दम घेत होती, पुढच्या फेरीचं अंतर डोळ्यांनी मोजत होती. मी हात खाली घेतला.