आप्पांच्या ट्रॉफीच्या मापाचं कपाट

आमच्या घरात मम्मी आणि आप्पा एकमेकांशी थेट बोलत नाहीत. भांडण नाही. आप्पा माझे थोरले चुलते, पप्पांपेक्षा बरेच मोठे, आणि मोठ्या दिरासमोर धाकट्या भावाच्या बायकोनं तोंड उघडायचं नाही ही आमच्याकडची जुनी रीत. आमच्या गावात, मांडवगणमध्ये, आता ती फारसं कुणी पाळत नाही. आप्पांची स्वतःची सून टीव्हीच्या आवाजावरून त्यांच्याशी वाद घालते. पण मम्मी लग्न होऊन आली तेव्हा जी गप्प झाली ती तशीच राहिली. आप्पा आत आले की तिचा पदर डोक्यावर जातो आणि त्यांच्यासाठीचं बोलणं ती माझ्याकडे देते.

"आप्पांना म्हणावं, चहा झालाय."

आप्पा हातभर अंतरावर खुर्चीत असतात. "तुझ्या मम्मीला म्हणावं, साखर कमी."

मी मध्ये उभी राहून दोघांनीही ऐकलेलं पुन्हा एकदा म्हणते. हे काम मला जमतं, कारण त्यात स्वतःचं काही बोलावं लागत नाही. मी लहानपणापासून शिरूरला इंग्रजी शाळेत, होस्टेलवर. सुट्टीत घरी आले की माझं मराठी ऐकून चुलत भावंडं हसायची. तेव्हापासून मोजकं बोलायची सवय लागली ती सुटली नाही.

गेल्या वर्षी आम्ही नवं घर बांधलं. हॉल एवढा मोठा झाला की दारासमोरची भिंत रिकामी दिसायला लागली. एका संध्याकाळी मेथी निवडताना मम्मी म्हणाली, "तिथं एखादं काचंचं कपाट बरं दिसंल."

"कशासाठी?"

पानं खुडत ती म्हणाली, "माझं रुखवत हाय ना, डब्यात."

रुखवत म्हणजे लग्नात मुलीकडच्यांनी हौसेनं मांडायच्या वस्तू. मम्मीचं माहेर राहू गावचं, नदीपलीकडचं. लग्नाआधी तिथल्या पडवीत बसून तिनं सुपाऱ्यांची वरात केली होती. नवरदेवाला फेटा, नवरीला हिरवी साडी, मागं बँडवाले, त्यातल्या एकाच्या तोंडाला तारेची पिपाणी. ढोल वाजवणाऱ्याचं पोट म्हणून तिनं मुद्दाम मोठी सुपारी निवडली होती. प्रत्येकाचे डोळे वेगळे. एक करवली चक्क रुसलेली आहे. लग्नाच्या दिवशी मांडवात ती वरात मांडली गेली, बायका वाकून वाकून बघून गेल्या, आणि तेव्हापासून ती पत्र्याच्या डब्यात कापसात आहे. जुन्या घरात ठेवायला जागाच नव्हती.

"पण नवं कपाट नको," ती म्हणाली. "ते सनमायकाचं लई चकाकतं. त्यात सुपाऱ्या प्लॅस्टिकच्या वाटत्याल. जुनं असावं, लाकडाचं."

मी कधी तिला स्वतःसाठी काही मागताना ऐकलं नव्हतं. सणसवाडीला ऑफिसला जाताना कंपनीच्या बसमध्ये मी रोज मोबाईलवर जुनी कपाटं बघायला लागले. काय बघायचं तेही हळूहळू कळलं. कपाट पुढून नाही, मागून बघायचं, कारण मागची फळी बहुतेक वेळा नंतर मारलेली प्लायची असते. फळीवर टाचणीएवढी भोकं असतील आणि खाली पिठासारखी भुकटी पडली असेल तर किडीचं घर अजून चालू आहे. जुनी काच ओळखायची तर तिच्याआडून एखादी सरळ वस्तू बघायची. ती किंचित हलल्यासारखी दिसते. बघता बघता जुन्या सामानाचं एक दुकान दौंडला सापडलं.

घरात काय यायचं ते आप्पा ठरवतात आणि पप्पा त्यांच्या शब्दाबाहेर नसतात. मी आप्पांना फोटो दाखवले. रुखवताचं बोलले नाही, कारण मम्मीनं "घेताना सांगू की" असं म्हटलं होतं.

"जुनं सागवान? व्हय, झकास! माझ्या ट्रॉफ्या कुठं ठेवायच्या ह्याच काळजीत व्हतो मी." बैलगाडा शर्यतीत आप्पांच्या बैलांनी आणलेल्या ढाली, चषक, एक चांदीचा मुलामा दिलेली गदा, हे सगळं तोवर धान्याच्या खोलीत होतं. मी मम्मीकडे बघितलं. ती चहाचे कप उचलून आत गेली.

रविवारी आप्पा, मम्मी आणि मी दौंडला निघालो. माप चुकायला नको म्हणून आप्पांनी सगळ्यात उंच ट्रॉफी टॉवेलमध्ये गुंडाळून सोबत घेतली आणि माझ्या मांडीवर दिली. तिच्या टोकाला सोनेरी पंखांची बाई होती. रस्ताभर तिचा एक पंख माझ्या हनुवटीला टोचत होता.

दुकान म्हणजे रेल्वे लाईनजवळचं पत्र्याचं गोडाऊन. दौंडला रेल्वेची जुनी वसाहत. तिथले बंगले रिकामे झाले की सामान इथं येतं, असं दुकानदार म्हणाला. त्याच्या मते आतलं प्रत्येक कपाट साहेबाच्या बंगल्यातलं होतं.

"साहेब काय काम करायचा?" आप्पांनी विचारलं.

"इंजिन ड्रायव्हर होता, मालक. गोरा."

"येवढी कपाटं पुसण्यात दिवस जात असंल त्येचा. मंग इंजिन कवा चालवायचा?"

दुकानदार हसला, मम्मीही पदराआड हसली. आणि हसता हसता ती एका कपाटासमोर थांबली. छातीएवढं उंच, दोन काचेची दारं, पितळी कड्या, आत जवळजवळ बसवलेले अरुंद कप्पे, बहुतेक कपबशांसाठी केलेले. मी मागं जाऊन बघितलं. फळी मूळची होती, भुकटी नव्हती. पुढं आले तेव्हा मम्मीनं दार उघडून हाताचा पंजा एका कप्प्यात उभा धरला होता. नवरदेवाच्या फेट्याचं माप. तिची निवड झाली होती.

तेवढ्यात आप्पा ट्रॉफी घेऊन आले. पहिल्याच कप्प्याला पंख अडले. "ह्यात काय बशा ठेवायच्या?" म्हणत ते पलीकडच्या कपाटाकडे वळले. ते माणसापेक्षा उंच, डोक्यावर नक्षीचा मुकुट, कप्पे लांब लांब. ट्रॉफी त्यात आरामात उभी राहिली. मागची फळी प्लायची होती आणि एका बाजूची काच नवी, पण तो प्रश्नच आता राहिला नव्हता.

तरी आप्पा थांबले. "तुझ्या मम्मीला इचार, कुठलं पसंत हाय."

मम्मी आमच्या शेजारीच उभी होती. मी विचारलं.

"आप्पांना म्हणावं, तुमाला बरं वाटंल ते."

"तुम्हाला बरं वाटेल ते, म्हणते."

"आगं, मला दोन्ही बरी. घर तिचं बी हाय की."

"घर तुझंही आहे, म्हणतात."

"मग मोठंच बरं," मम्मी म्हणाली. "ट्रॉफी मावती."

मी तोंड उघडलं ते कसं, मला अजून नीट सांगता येत नाही. "आप्पा, मम्मीला छोटं पाहिजे. तिला तिच्या सुपाऱ्या ठेवायच्यात. रुखवतातल्या."

मम्मीचा चेहरा लाल झाला. तिनं आप्पांकडे पाठ केली, माझ्याकडे तर बघितलंच नाही, आणि सरळ दुकानदाराला म्हणाली, "भाऊ, त्यांना सांगा, पोरगी उगंच बोलतीया. सुपाऱ्या कुनी काचंत ठेवतं का? पोरीसोरींचा खेळ त्यो."

दुकानदारानं बिचाऱ्यानं काम चोख केलं. "मालक, ताई म्हणतात की—"

"ऐकलं मी," आप्पा म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "आमचं इंग्लिश मिडियम बोललं की आज!"

मोठं कपाट आलं. आप्पांनी स्वतःच्या हातानं ते लावलं. वरच्या कप्प्यात गदा आणि उंच ट्रॉफी, खालच्यांत ढाली आणि चषक. मधला कप्पा, दारातून येणाऱ्याची नजर पहिली जिथं पडते तो, त्यांनी रिकामा ठेवला आणि स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले, "तुझ्या मम्मीला म्हणावं, ह्यो तिचा. ती लग्नात मांडल्याली वरात आन म्हणावं भाईर."

मला वाटलं, झालं. मी आत धावत गेले. डबा काढू का, विचारलं.

"नको गं," ती हळू म्हणाली. "खालच्या कप्प्यात त्यांच्या ढाली. मोठ्या दिराच्या मानाच्या वस्तूंच्या वर माझ्या सुपाऱ्या बसवू व्हय?"

"मग त्या ढाली वर घेऊ. तुझं खाली ठेवू."

"नवरा-नवरीला पायाशी बसवत्यात का?"

मी माझ्या पगारातून ते छोटं कपाट आणते म्हटलं, तिच्या खोलीत ठेवू. ती दचकलीच. "म्हंजी आप्पांनी दिल्याली जागा मी टाकली असं व्हईल. लोक काय म्हणत्याल त्यास्नी?"

एकदा ती मळ्यात गेलेली असताना मी डबा उघडला आणि नवरा-नवरी तेवढी मधल्या कप्प्यात ठेवली. खरंच छान दिसत होती. ती आली, बघितलं, आणि डोक्यावरचं गवत खाली ठेवायच्या आधीच त्यांना उचलून आत घेऊन गेली. रागावली असती तर मी भांडले असते. पण तिनं दोघांना पदरानं पुसून परत कापसात निजवलं. मी पुन्हा तसं केलं नाही.

कप्पा रिकामा आहे. येणारे-जाणारे विचारतात. "राखीव हाय," आप्पा सांगतात, "आमच्या घरच्या कलाकाराचा." ते खरंच अभिमानानं म्हणतात, आणि आत मम्मी भांडी जोरात घासायला लागते.

परवा आप्पा कपाटासमोर बराच वेळ उभे होते. वितीनं कप्प्याचं माप घेत होते. "वरात लांब असंल," ते मला म्हणाले. "जागा कमी पडती वाटतं तिला, म्हनून काढत न्हाई. इचार बरं. वरचा बी रिकामा करतो. गदा काय, भिंतीला टांगू."

मी आत गेले. मम्मीनं सगळं ऐकलं होतं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला होता. तव्यावरची भाकरी करपायला लागली तशी तिनं ती उलटली.

"म्हणावं, पुष्कळ हाय."

तिनं मान वर केली नाही. मग मी हॉलमध्ये आले.

"पुष्कळ आहे, म्हणते."

"मंग ठीक," आप्पा म्हणाले, आणि उपरण्यानं त्या कप्प्यासमोरची काच पुसून घेतली.