पहिल्याच गोलाला गुलाल

कोल्हापूरहून निघताना माझ्या बॅगेत दोन किलो कांदा-लसूण चटणी होती, गुलालाची एक पुडी होती आणि डोक्यावर एक ओझं होतं. ओझं पेठेतल्या पोरांनी दिलेलं. स्टँडवर सोडायला आलेली पोरं एकसुरात म्हणाली, "मामा, यंदा संघाचे कोच तुम्हीच. आल्यावर फक्त हो म्हणायचं."

मी आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा जुना गोलकीपर. खेळणं सोडून चाळीस वर्षं झाली, तरी चहाच्या गाडीवर मी दिसलो की अजून बाकावर जागा होते. कोच झालो आणि हरलो, तर ही इज्जत एका हंगामात मातीत जायची. झाकली मूठ सव्वा लाखाची! "जर्मनीहून आल्यावर बघू," म्हणालो आणि गाडीत चढलो.

लेकीचं घर स्टुटगार्टला, एका चढावर. चढ म्हणजे काय, जोतिबाची आठवण व्हावी असा. माझी नात इरा नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. "जेवलीस का गं?" विचारलं की "जा," म्हणजे हो. पुढचं काही विचारलं की जर्मनची आगगाडीच सुटायची.

"बाबा, तिला येतं हो, फक्त बोलायची लाज वाटते," जावई निखिल म्हणाला. पुण्याचा इंजिनियर, समजावून सांगायची भारी हौस.

पहिल्या दिवशी माउलटाशन (खिम्याचं सारण भरलेल्या चौकोनी उकडलेल्या करंज्या) जेवायला होते. चांगले होते, पण अगदी गरीब स्वभावाचे. मी वर चटणी घातली. इराने पण मागून घेतली आणि डोळ्यांतून पाणी आलं तरी ताट सोडलं नाही. पोरगी कोल्हापूरची आहे, याची खात्री पटली.

शनिवारी तिची मॅच होती, शहराबाहेरच्या एका गावात. एस-बानमध्ये (शहरातली लोकल) निखिलने तिच्या कोचची हकीकत सांगितली. हेर (म्हणजे श्रीयुत) श्वेन्क म्हणजे त्याच गावातल्या लाकडाच्या वखारवाल्याचा मुलगा. देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये बारा वर्षं गोलकीपर. गुडघा गेला, मग मॅनेजर झाले. एक संघ खालून वर आणला, लोकांनी खांद्यावर घेतलं. पुढच्याच वर्षी काढून टाकलं. असं एकूण पाच वेळा. एकदा तर स्वतःची नोकरी गेल्याचं त्यांनी गाडीत रेडिओवर ऐकलं! आता साठी उलटल्यावर गावात परतून ते लहान मुलींना शिकवतात.

"गोलकीपर? मग आपलाच माणूस," मी म्हणालो.

मैदान गालिच्यासारखं. तिथे पालकांनी दोरीच्या मागे उभं राहायचं असा नियम. निखिलची डीन्स्ट (कामाची पाळी) केकच्या टेबलावर लागलेली, लेक कामावर, म्हणून दोरीपाशी घरचा मी एकटाच. मॅच सुरू झाली आणि पाचव्याच मिनिटाला इराने गोल मारला!

पुढचं सांगायला लाज वाटते. मी दोरीखालून आत घुसलो आणि गळ्यात गळे घातलेल्या त्या पोरींवर खिशातली गुलालाची अख्खी पुडी उधळली. पांढरेशुभ्र टी-शर्ट गुलाबी झाले. एक पोरगी शिंकायला लागली, पंचांनी शिट्टी मारली, दोरीमागच्या बायकांनी "आल्झो!" करून कपाळावर हात मारले. इराने तर तोंड झाकून घेतलं. गुलाल शेवटच्या शिट्टीनंतरच, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि मी सगळ्यांना तेच शिकवत आलोय. व्हायचं तेच झालं. पोरी चार-एकने हरल्या.

कपडे बदलायच्या खोलीत फरशीभर गुलाल तुडवलेला. दारावर लाकडाची एक पाटी लटकत होती. या भागात ज्याच्या घरी आठवड्याच्या झाडलोटीची पाळी, त्याच्या दारावर अशी पाटी लावतात. हेर श्वेन्कनी ती काढून स्वतःच्या कोटाच्या खुंटीला अडकवली आणि खराटा उचलला. इराने हातवारे करून मला नियम समजावला. जिंकलं की पोरी झाडतात, हरलं की कोच.

मला बघवेना. ज्याच्या नावाने स्टेडियम ओरडलं, तो माणूस माझा गुलाल झाडणार? मी खराटा धरला. त्यांनी सोडला नाही. काहीतरी बोलले.

"इरा, काय म्हणतायत?"

निखिल तिकडे केक विकत होता. इराने इकडे तिकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "ते बोलतात, हार माझी आहे. गुलाल तुझा आहे. दुसरा झाडू तिकडे आहे."

तीन वाक्यं, मराठीत! मी झाडूच विसरलो.

मग धीर करून मी मनातलं विचारलं. पाच वेळा काढलं, तरी गावात तोंड कसं दाखवलं? इराने विचारलं, ते खो-खो हसले, आणि इरा एकेक शब्द शोधत सांगत गेली. "पहिल्यांदा लाज वाटली. एक महिना ब्रोट्शेन (छोटे पाव) आणायला बायकोला पाठवलं. मग बायको बोलली, आता तू जा. ते गेले. बेकरीवाली बाई बोलली, किती ब्रोट्शेन?"

"मग?"

"मग काही नाही. चार घेतले."

मी हसत झाडायला लागलो. हेर श्वेन्क मागे वळून ओरडले. इराने लगेच सांगितलं, "आबा, कोपरे पण!"

कोल्हापुरात उतरलो आणि पोरांना हो म्हणालो. पहिलीच मॅच तीन गोलांनी हरलो. तालमीत येऊन झाडू हातात घेतला, तशी पोरं धावली. "मामा, काय लावलंय हे? द्या इकडं!"

"जिंकाल तेव्हा तुम्ही. आज पाळी माझी."

रात्री नीट झोप लागली नाही. सकाळी गेलोच नाही, दुपारी चहाच्या गाडीकडे निघालो. गाडीवर चारसहा जण होते. चहावाल्याने वर बघितलं आणि विचारलं, "मामा, हाफ का फुल?"

"फुल," मी म्हणालो. बाकावरचे सरकले. मी बसलो.

दुसऱ्या घोटाला मोबाइल वाजला. कुठल्यातरी आगाऊ पोराने झाडतानाचा माझा फोटो माझ्याच मोबाइलवरून स्टुटगार्टला पाठवला होता. उत्तरात इराचा आवाज आला, स्वच्छ मराठीत, "आबा, कोपरे राहिले तुझे."

फोटो मोठा करून बघितला. खरंच राहिले होते. चहा अर्धा ठेवून मी तालमीची किल्ली आणायला उठलो.