मुंबई ते रामघाट, पाच घटका

मुंबई ते काशी विमानाने दोन तास, असं मामाने पत्रात कळवलं आणि बाबांनी ताबडतोब हिशेब मांडला: पाच घटका. बाबा काशीच्या रामघाटावरचे जुने भटजी. तास-मिनिटं ही त्यांच्या मते कचेरीत जाणाऱ्यांची भानगड.

लग्न माझं होतं. मामा मुंबईत बँकेत. रजा मिळाली एका दिवसाची, आणि रेल्वेला सव्वा दिवस लागायचा. म्हणून घरात पहिल्यांदाच कुणीतरी विमानात बसणार होतं. गौरीहरापासून बोहल्यापर्यंत नवरीला मामाने न्यायचं असतं. मी बजावून ठेवलं होतं, आईच्या या एकुलत्या भावाशिवाय मी पाटावरून उठणार नाही. आई म्हणाली, चुलतमामा आहे की. तो मला आयुष्यात दोनदा भेटलेला, त्यातही एकदा त्याने मला ओळखलं नव्हतं!

विमान नऊला सुटणार, अकराला मामा काशीत, मुहूर्त बारा वाजून चार मिनिटांचा. झालं, सगळे निश्चिंत. रेल्वेने येणारा कॅन्ट स्टेशनला उतरतो आणि अर्ध्या तासात दारात हजर होतो. विमानवाला त्याच्याही आधी येणार, असं आम्ही धरून चाललो. विमानतळ आमच्यापैकी कुणी बघितला होता?

साडेअकराला नवऱ्या मुलाच्या काकांनी सहज विचारलं, बाबतपूरच्या विमानतळावर गाडी घेऊन कोण गेलंय? बाबतपूर म्हणजे जौनपूरची निम्मी वाट, त्यात मध्ये कचहरीपाशी गाड्यांचा जाम. आईचा चेहरा उतरला. मी गौरीहरासमोर बसून रडायच्या बेतात होते, आणि राग तर असा आला होता की अन्नपूर्णेवर वाहायच्या अक्षता मुठीत चुरल्या गेल्या.

बाबांकडे बघायची सोय नव्हती. मामा पोचला नाही म्हणून त्यांनी आजवर कितीतरी नवऱ्या चुलत्याच्या हाताने बोहल्यावर आणवल्या होत्या. मुहूर्त कुणाच्या मामासाठी थांबत नाही, असं ते तोंडावर सांगायचे. आजही लग्न लावायला दुसरे गुरुजी होते, पण मुहूर्ताचं घंगाळ बाबांनी स्वतःपाशीच ठेवलं होतं. त्यातल्या पाण्यावर तरंगणारी, बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी; ती भरून बुडाली की घटका भरली.

दारातून मला वाटी दिसत होती. काठोकाठ आली. काकांनी मनगटावरचं घड्याळ बघून बारा वाजून गेल्याचं सुचवलं. घड्याळं पुढे पळतात, बाबांनी त्यांना गप्प केलं. वाटी काही बुडेना. मी मान वाकडी करून नीट बघितलं, तर बाबांचा हात जवळजवळ कोपरापर्यंत पाण्यात, आणि एक बोट वाटीच्या बुडाला.

मामा आला तो घामाने निथळत, डोक्यावर सुटकेस, एका पायात चप्पल. कचहरीपाशी टॅक्सी सोडून रिक्षा केली आणि मैदागिनच्या चौकापासून पळत आला म्हणे. बाबांनी हात बाहेर काढला. वाटी डुबकन खाली गेली.

"घटका भरली," बाबा गंभीरपणे म्हणाले.

निघताना पाया पडले तेव्हा हळूच म्हटलं, "बाबा, मी बघितलं हं. इतक्या लग्नांत कुणासाठी थांबला नाहीत."

बाबांनी उपरण्याने डोळे पुसले.

"त्या लग्नांत मी भटजी होतो गं," ते म्हणाले.