हातात बसलेली सही

मला कन्नड बोलता येतं, भांडता येतं, वेळ पडली तर शिव्याही देता येतात. लिहायला मात्र इतकी वर्षं एकच शब्द येत होता, आणि तोही दुसऱ्याचं नाव.

आमचं घर बेळगावातल्या वडगावचं, मागवाल्यांचं. साडीचे दोन माग भंगारात गेले तेव्हा मी पंचविशीत होतो. शाळा मराठी, तीही अर्धवट, आणि माग सोडून हाताला दुसरं काही ठाऊक नाही. खासबागेतल्या एका जुन्या प्लंबरनं मला हाताखाली घेतलं. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची, मीही म्हणू लागलो. पाइपच्या आट्यांवर दोरा गुंडाळून सफेदा लावायचा असतो, म्हणजे जोड गळत नाही. हे जमायला लोकांना महिना लागतो. माझा दोरा पहिल्याच दिवशी असा बसला की आप्पा म्हणाले, मागवाल्याचं पोरगं हाय, सूत कळतंय त्याला. त्या एका वाक्यावर मी सोळा वर्षं काढली.

लायसन्स आप्पांचं होतं. घराला नळाचं नवीन कनेक्शन घ्यायचं तर पाण्याच्या ऑफिसात फॉर्म द्यावा लागतो आणि त्यावर लायसन्सवाल्या प्लंबरची सही लागते. ती नसली तर तुम्ही सोन्याचा पाइप घाला, कुणी विचारत नाही. सुरुवातीला मी खणायचो, जोडायचो आणि आप्पा सही करायचे. मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. पाना धरला की कमी, पेन धरलं की जास्त. एकदा तीन फॉर्म वाया गेल्यावर त्यांनी वैतागून पेन माझ्यासमोर टाकलं.

"तूच कर रं. बघून बघून काढ."

मी काढली. लिहिली म्हणत नाही, काढली. चार कन्नड अक्षरं, शेवटच्याला खाली वळलेली शेपटी. कुठल्या अक्षराचा उच्चार काय ते मला माहीत नव्हतं. दारात रांगोळी काढावी तशी काढली. वर्षभरात हात असा बसला की गाडीच्या सीटवर फॉर्म ठेवून बोलता बोलता एका दमात व्हायची. हे चुकीचं आहे ते कळत नव्हतं असं नाही. पण आप्पा शेजारी उभे असायचे, काम चोख असायचं, तक्रार कुणाची नव्हती. रोजची झाली की चूकसुद्धा घरातलीच वाटायला लागते.

मग शहरात नवी पाइपलाइन आली. बेळगावात बघाल तिकडं रस्ते उकरलेले, आणि ऑफिसवालेही कडक झालेले. आप्पा तेव्हा पंचाहत्तरीला टेकलेले. त्यांनी एक दिवस सांगून टाकलं की मी आता लायसन्स पुढं वाढवत न्हाय, तू तुझं काढ. त्यांच्या लायसन्सशिवाय मी कोण? कुणा कंत्राटदाराच्या हाताखाली चर खणणारा गडी. एक्केचाळिसाव्या वर्षी परत कुदळ. बायको एरवी माझ्या कामात तोंड घालत नाही, पण त्या दिवशी म्हणाली, सोळा वर्सं दुसऱ्याच्या नावानं राबलासा, आता तरी आपलं नाव लावा. मला राग आला, कारण तिचं खरं होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन अर्ज आणला.

परीक्षेतलं हाताचं काम सोपं गेलं. पाइप कापला, आटे पाडले, व्हॉल्व्ह बसवला, पाणी सोडलं, थेंब नाही. नंतर साहेबांच्या टेबलासमोर तोंडी प्रश्न. साहेब म्हैसूरकडचे. आमच्या इकडं कन्नडातसुद्धा नळाला नळच म्हणतात, ते म्हणाले नल्ली. मी समजलो नळी. ते विचारत होते तोटी किती उंचीवर बसवणार, आणि मी सांगत होतो पाइप किती खोल गाडणार. दोनदा, तीनदा तेच. शेवटी शिपायानं हातानं तोटी फिरवून दाखवली तेव्हा डोक्यात उजेड पडला. सगळे हसले, साहेबही हसले. म्हणाले, काम येतं तुला, बास. आणि अर्ज पुढं सरकवला, इथं सही कर.

जीव भांड्यात पडला होता. मी पेन घेतलं आणि एका दमात सही केली.

साहेबांनी कागद उचलला, ठेवला, परत उचलला. अर्जावर नाव माझं, खाली सही आप्पांची. चार अक्षरं, शेवटच्याला शेपटी. मी स्वतः बघितलं आणि मलाच पटेना. कन्नड कागद समोर आला की हात जे करत आला होता तेच त्यानं केलं होतं.

"ई सही यार्दू?" साहेबांनी विचारलं. ही सही कुणाची?

तोंडचं पाणी पळालं म्हणतात, ते काय असतं ते त्या दिवशी एका प्लंबरला कळलं. आधी मी काहीबाही बडबडलो, गडबडीत झालं, चष्मा विसरलोय. चष्मा मी आजही लावत नाही. मग मात्र खोटं पुढं रेटवेना. सगळं सांगितलं. साहेबांनी कपाटातनं जुने फॉर्म काढायला लावले आणि म्हणाले, उद्या त्यांना घेऊन ये. म्हणजे माझं तर गेलंच, वर म्हाताऱ्याच्या नावालाही मी बट्टा लावला होता. घरी आलो तसाच न जेवता पडून राहिलो.

सकाळी आप्पांना गाडीवर मागं बसवून नेलं. धुतलेलं धोतर, टोपी, खिशात लायसन्स. वाटभर मी माफी मागत होतो. ते एवढंच म्हणाले, खड्डं बघून चालव.

साहेबांनी त्यांना कोरा कागद दिला. आप्पांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि सही केली. अक्षरं एकमेकांवर पडली, शेपटी कागदाबाहेर गेली. शेजारी जुन्या फॉर्मांचा गठ्ठा होता. तिथं प्रत्येक कागदावर तीच सही, स्वच्छ, ठसठशीत. आप्पांनी दोन्हींकडं बघितलं.

"साहेब, माझी म्हणून जी दिसतीया ती ह्याची हाय," ते म्हणाले. "माझं नाव ह्यानं माझ्यापेक्षा नीट सांभाळलं. आता ह्याला ह्याचं द्या."

आणि लायसन्स टेबलावर ठेवलं. साहेबांनी ते जमा करून घेतलं. माझा अर्ज तीन महिने अडकवला, फाइलीत शेरा मारला, पण फाडला नाही. तीन महिन्यांनी नवा फॉर्म पुढं ठेवला तेव्हा मी खरं ते सांगितलं, साहेब, माझं नाव मला कन्नडात लिहिता येत नाही. ते म्हणाले, कन्नडात कर असं कोण म्हणालं? सही कुठल्याही भाषेत कर, तुझी असली म्हणजे झालं. मी मराठीत केली. दुसरीतल्या पोरासारखी वाकडीतिकडी आली.

लायसन्स हातात आल्यावर पहिला फॉर्म आप्पांच्याच घराचा भरला, नव्या लाइनीवर कनेक्शन घ्यायला. मालक म्हणून त्यांनी थरथरत सही केली, प्लंबर म्हणून खाली मी माझी. खिडकीवरच्या क्लार्कला आतलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं फॉर्म बघितला आणि परत दिला. म्हणाला, आप्पांची सही मी वर्षानुवर्षं बघतोय, ही त्यांची नाही. खरी आणा.

मी घरी येऊन सांगितलं. आप्पा हसले, हसता हसता त्यांना ठसका लागला. मग त्यांनी पेन माझ्या हातात दिलं.

"कर की रं. एवढी एकच."

एका दमाचं काम होतं. हात तर आपसूक कागदाकडं गेलताच. पण मी फॉर्म बाजूला ठेवला, जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि त्यावर त्यांचं नाव मोठं काढलं, चार अक्षरं, शेवटच्याला शेपटी. पेन परत त्यांच्याकडं दिलं. मग मनगट धरून, माझ्या अक्षराकडं बघत बघत, ते आपलं स्वतःचं नाव गिरवायला लागले, आणि मला रडू आवरेना.