ट्रॅक्टर थांबला नाही ती गावं

"पूल उतरलं की डाव्या अंगाला हापसा लागतो बघ. हापश्याच्या म्होरं बाया पेरूच्या पाट्या घिऊन बसत्यात. तिथं एक दिस धर."

"आई, गावाचं नाव काय?" फोनमधून मोनिकाचा आवाज आला.

"नाव मला कसं ठावं असंल? ट्रॅक्टर थांबला असता तर इचारलं नसतं का?"

"अगं, पेरूच्या पाट्यांवर मुक्काम कसा करायचा? हाटेल गावाच्या नावानं निघतं."

"मंग जवळपासचं बघ. पर पाट्या सोडू नको."

सुकन्यानं फोन खांद्यानं कानाशी दाबला आणि हातातल्या खडूनं पत्र्याच्या दारावर तिसऱ्या चौकोनात 'पेरू' असं लिहिलं. नगर जिल्ह्यातल्या मिरजगावात हायवे सोडून आत वळलं की तिची पिठाची गिरणी. लाईट गेली होती म्हणून गिरणी गप होती, आणि गिरणी गप असली की सुकन्या गप नसे. खडू खरं तर डब्यांवर दळणवाल्यांची नावं घालायला. पण पंधरा दिवस झाले, दाराच्या आतल्या अंगाला तिनं चौदा चौकोन आखले होते. एक चौकोन म्हणजे एक दिवस. सकाळी भरायचे, दुपारी पुसायचे, संध्याकाळी परत भरायचे. दळणाला आलेली एखादी बाई दाराला टेकली की तिच्या पाठीवर अख्खा आठवा दिवस उठायचा.

"काय गं, आज कुटं निगाली?" दगडाबाईनं बाजरीचा डबा खाली ठेवत विचारलं. ही शेजारच्या आळीची म्हातारी दळण नसलं तरी रिकामा डबा घेऊन यायची.

"कोल्हापूरच्या अंगाला."

"काल तर बेळगावच्या अंगाला हुतीस."

"ते अकराव्या दिशी हाय."

"आन त्ये पोतं कशाचं बांधलंय?"

"वाटंला पीठ. बाजरीचं येगळं, जवारीचं येगळं."

"चौदा दिसाला एवढं? गिरनीच घाल की डोक्यावर, तिथंच दळ."

सुकन्या हसली नाही. पोत्याची गाठ सोडून पुन्हा आवळली.

पुण्याच्या दवाखान्यात नर्स असलेल्या लेकीला डिसेंबरात दोन आठवड्यांची रजा मिळणार होती. मोनिका म्हणाली होती, "तुम्ही दोघं आणि मी. रेल्वेची तिकिटं, पुढं भाड्याची गाडी, सगळं मी काढते. तुम्ही नुसत्या जागा सांगा." तिला वाटलं होतं आई म्हैसूर म्हणेल, उटी म्हणेल. आईनं पहिल्या दमात सांगितलं, पूल. मग लाल कौलांची शाळा, जिच्या अंगणात झोपाळा आहे. मग एक डोंगर, ज्याच्यावर पहाटे दिवे असतात. मोनिकानं मोबाईलवर नकाशा उघडून पाहिला. त्यात यातलं काहीच नव्हतं.

नसणारच. ही सगळी ठिकाणं ट्रॉलीवरनं पाहिलेली. लग्न झालं त्या सालापासनं सुकन्या आणि तिचा नवरा कल्याण चौदा हंगाम ऊसतोडीला गेले. दिवाळी झाली की टोळी निघायची. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, पुढच्यात गडी, मागच्यात बायका-पोरं, भांडी, सरपण, शेळ्या. मुकादमाला कारखान्याच्या तारखेची घाई. वाटेत डिझेलला थांबायचं आणि माणसांना झाडीत जाऊन यायला थांबायचं, तिसरं कारण नाही. सुकन्या मागच्या ट्रॉलीत वाकळांच्या ढिगावर बसून दोन्ही अंगांची गावं बघायची. दर साली तीच, दर साली तशीच मागं जायची. एका हंगामात तर खिद्रापूरच्या शिवारात चार महिने त्यांची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, होती. ट्रॅक्टरवाला सांगायचा की गावात दगडाचं जुनं देऊळ आहे, लोक गाड्या करून लांबनं बघायला येतात. कोपीपासनं अर्ध्या तासाची वाट. ऊस काही सुटला नाही. चार महिन्यांत तिनं ते बघितलं नाही, आणि परत येताना ट्रॅक्टर दुसऱ्या रस्त्यानं आला.

बारा वर्षं झाली कोयता टाकून. गिरणी चांगली चालते. पण दिवाळीचा फराळ संपला आणि गावातनं टोळ्या हलायला लागल्या की सुकन्याचं पाऊल घरात ठरत नाही. फळीवरची भांडी उतरवते, घासते, पोत्यात भरते, परत काढते. झोपेत उठून बसते. कल्याण म्हणतो, "गाभन म्हशीवानी येरझाऱ्या घालतीस." तिला कुठं जायचं असतं असं नाही. अंगाला वाटतं, निघायची वेळ झाली. या साली पहिल्यांदा निघायला खरं कारण मिळालं होतं, आणि त्याच कारणात नवरा आडवा आला होता.

"म्या त्या रोडनं न्हाई यायचो," कल्याणनं पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. "डिसेंबरात समदा रोड उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला. उसाच्या वाळल्या पाचटाचा वास आला की माजी मान दुकती. तुमी मायलेकी जावा. गिरनी म्या बगतो."

"गिरनी तुमच्या चुलतभावाला सांगितली की. आसाराम बसतो म्हनलाय."

"त्येला पट्टा चढवायला येत न्हाई."

"तुमाला तरी कवा आला?"

तेवढ्यावर ते बोलणं दर वेळी थांबायचं. सुकन्याला एकटीला जाता आलं असतं. पण ज्या ट्रॉल्यांवर दोघं बसले, तो रस्ता एकटीनं फिरायचा म्हणजे अर्ध्याच गोष्टी ओळखू येणार. पुढच्या ट्रॉलीतनं काय दिसायचं ते तिला कुठं माहीत होतं?

रविवारी मोनिका आली, तेव्हाही लाईट गेलेलीच होती. रजेचा अर्ज सोमवारी द्यायचा होता, तिकिटंही आजच काढायला हवी होती. किती जण, कुठून कुठं, हे आज ठरलं नाही तर मग राहिलंच. तिनं दारापुढं उभं राहून चौदा चौकोन वाचले. वाचता वाचता तिच्या कपाळाला आठी पडली.

"आई, हे पहिले दोन दिवस नुसती रेघ का ओढलीय?"

"वाट हाय ती. पोचायला दोन रात्री आन एक दिस लागतो."

"मिरजेला?"

"मंग. टेंभुर्णीच्या म्होरं पयली रात. तिथं ट्रॅक्टरचं इंजन गार करायला लागतं."

"आणि चौथा? हितनं ह्या देवळाला पन रेघच. पाचवा पन. आई, ह्यात नऊ दिवस नुसत्या रेघाच हायत."

"लांब हाय बाई. तू कवा गेलीस? बारकी हुतीस तवा झोपून असायचीस."

मोनिकानं रेघा पुन्हा एकदा मोजल्या. मग हळूच म्हणाली, "आई, आपण ट्रॅक्टरनं चाललोय का?"

दळणाला बसलेली दगडाबाई खो-खो हसत सुटली आणि तिला ठसका लागला. सुकन्या दाराकडे बघत राहिली. चौदा हंगामांत ती त्या रस्त्यानं दुसऱ्या कशानं गेलीच नव्हती. रस्ता तेवढाच लांब असतो, असं तिनं धरलेलं.

"नगरला रेल्वेत बसलं की त्याच दिवशी मिरज," मोनिका म्हणाली. "तिथनं भाड्याच्या गाडीनं तुझ्या समद्या जागा एकमेकींपासून तास-दोन तासांवर हायत. रेघा पूस."

सुकन्यानं ओल्या फडक्यानं रेघा पुसल्या. एक, दोन, तीन. निम्म्याहून जास्त दार कोरं झालं. इतके दिवस तिला चौदा चौकोन पुरत नव्हते, आणि आता उरलेली नावं दाराच्या एका कोपऱ्यात चेपून बसली. ज्या वाटेनं दोन रात्री अंग खिळखिळं व्हायचं, ती एका दिवसात संपणार होती. हे तिला काही बरं वाटेना. फसल्यासारखं वाटलं.

"येवढूसंच हाय व्हय ते?" ती म्हणाली.

"मग आता पेरूला अख्खा दिवस कशाला? पेरू खायला कितीक वेळ लागतो? अर्धा तास धरते," मोनिका मोबाईलवर बोट फिरवत म्हणाली.

"धर," सुकन्या म्हणाली. "तेवढं बी लई झालं. तुज्या बापानं तर एवढ्या सालात पाच मिनिटं कदी ट्रॅक्टर थांबवला न्हाई. तू पोटात हुतीस तवा मला त्या पेरूंचा वास आल्ता, तोंडाला पानी सुटल्यालं. म्होरल्या ट्रॉलीत बसल्यालं ह्ये, तोंडातनं शब्द काडतील तर शपत."

हा टोमणा ती वर्षानुवर्षं मारत आली होती. मीठ जास्त पडलं तरी मारायची, पट्टा तुटला तरी मारायची. कल्याण दारात उकिडवा बसून, गिरणीचा पट्टा घसरू नये म्हणून त्याला राळ चोळत होता. दर वेळी तो ऐकून घ्यायचा. आज त्यानं राळेचा खडा खाली ठेवला.

"काडला हुता," तो म्हणाला.

"काय काडला हुता?"

"शबूद. म्या मुकादमाला म्हनलं हुतं, पाच मिनिटं थांबव. बायकू गरवार हाय, दोन पेरू घितो. त्यो म्हनला, वरातीला निगालाय का रं? बायकूचं डोहाळे कारखान्याला कळव, गळीत बंद ठिवत्यात. समदी ट्रॉली हासली. दहा-बारा गडी हुतं. म्होरं आख्खा हंगाम मला पेरूवाला म्हनायचे."

 दगडाबाईनं पदर तोंडाला लावला.

"मला कदी बोलला न्हाई तुमी," सुकन्या म्हणाली.

"काय बोलायचं हुतं त्यात? पेरू आनले असते तर बोललो असतो."

"आन मी एवढी सालं टोचतीय."

"टोचतीस खरं." त्यानं राळ पुन्हा उचलली. "त्यो पूल आला की म्या खालीच बगायचो. आता परत तिथं जाऊन कशाला मान वर करायची?"

सुकन्यानं खडू या हातातनं त्या हातात घेतला. चौकोन दिसत होते, पण त्यात काय लिहायचं ते सुचेना. तिला मागच्या ट्रॉलीतनं हापसा दिसायचा, पाट्या दिसायच्या, बायकांच्या हिरव्या बांगड्या दिसायच्या. त्याच घटकेला पुढच्या ट्रॉलीत हा खाली मान घालून बसलेला असायचा. दर साली, तेवढ्याच पुलावर. तिला तो राग आठवला जो तिनं त्याच्यावर धरला होता, आणि तो आता कुठं ठेवावा ते कळेना. मग ती सरळच म्हणाली, "नगं असंल तर पूल पुसते. बाकीचं बगू."

फडकं तिनं हातात घेतलंही. कल्याण मोनिकाकडे वळला.

"ती भाड्याची गाडी. तिचा डायवर आपुन सांगू तिथं थांबतो का? का त्येच्या मनानं चालतो?"

"आण्णा, गाडी आपली असती तेवढे दिवस. आपण म्हणू तिथं थांबायचं."

"सारखं थांबव म्हनलं तर चिडंल की."

"चिडू दे. थांबावं लागतंच त्याला."

कल्याणनं थोडा वेळ राळ चोळली. पट्टा कधीच पुरेसा चिकट झाला होता.

"मंग अर्धा तास नगं," तो म्हणाला. "आख्खा दिस धर. सकाळी जायाचं, उतरून बसायचं, डायवरला बी पेरू द्यायचं. संध्याकाळी उठायचं."

"अख्खा दिवस तिथं काय करणार?" मोनिकानं विचारलं.

"काय न्हाई. बसनार."

सुकन्यानं फडकं बाजूला टाकलं. कल्याण उठला, दाराजवळ आला आणि रिकामे चौकोन मोजले. नऊ होते.

"ह्ये कुनाचं?"

"कुनाचंच न्हाई. रेघांचं उरल्यालं."

"ह्ये माजं. पाच दिस तुजा रोड फिरतो, तक्रार न्हाई. म्होरं मला जिथं ऊस पिकत न्हाई तिथं न्या. उसाचं टिपरूसुद्दा दिसाया नगं."

मोनिकानं नकाशा पसरवला. बेळगावहून रेल्वे पकडायची, घाटातनं मडगाव, तिथनं कोकणातनं वर यायचं. "भात, नारळ, सुपारी. खाली समुद्र," तिनं सांगितलं.

"ऊस?"

"दिसायचा न्हाई."

"खात्री कर. येखाद्यानं बांदावर लावला असंल."

"बांदावरचा मी खाऊन टाकते, मंग तर झालं?" दगडाबाई म्हणाली. "मला बी न्या. पिठाचं पोतं म्या धरते."

"तुमचा डबा तेवढा न्ह्या," सुकन्या म्हणाली. पण तिनं पिठाचं पोतं पुन्हा सोडलं आणि त्यातलं निम्मं काढून टोपात ओतलं. हाटेलात भाकरी मिळते असं मोनिका म्हणत होती. तिचा काही विश्वास बसला नव्हता, म्हणून निम्मं राहू दिलं.

कल्याणनं तिच्या हातनं खडू घेतला आणि एकामागून एक नऊ चौकोनांत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'ऊस न्हाई'. शेवटच्या चौकोनात जागा पुरली नाही, तिथं नुसतं 'न्हाई' राहिलं. मोनिकानं दाराचा फोटो काढला आणि तिकिटांसाठी तिघांची नावं घालायला बसली.

तेवढ्यात वरचा बल्ब लागला. सुकन्या दचकून उठली, जशी मुकादमाच्या शिट्टीला उठायची. कल्याणनं राळ लावलेला पट्टा पुढं केला. तिनं तो तिच्या पद्धतीनं, एका झटक्यात चाकावर चढवला आणि खटका दाबला. गिरणी आधी कण्हली, मग धडधडायला लागली. दारावरचा खडू थरथरून थोडा गळाला.

"पयलं दळन कुनाचं?" तिनं आवाजावर आवाज चढवून विचारलं.

"माजंच की. कवापासनं बसलीय," दगडाबाई ओरडली.

सुकन्यानं म्हातारीची बाजरी वरच्या पेटीत ओतली, खाली डबा सरकवला आणि पडणारं पीठ चिमटीत धरून बघितलं. जाडं येत होतं. तिनं दगड थोडा आवळला.